जहाजावरचे कामाचे कपडे: आधी कापड बघा, छपाई मागाहून

ताणाबाणा (धागाकर्ती, बडोदे)

कोयलीच्या रिफायनरीत किंवा नंदेसरीच्या केमिकल प्लँटमध्ये आत जाणाऱ्याच्या अंगावर न पेटणारा बॉयलर सूट (शर्ट-पँट जोडलेला एकसंध पोशाख) असावा, यावर बडोद्यात कुणी वाद घालत नाही. विषय नौदलाचा निघाला की मात्र पहिली चर्चा छापाची. गेल्या आठवड्यात या चर्चामंचावर काही जणांनी अमेरिकी नौदलाच्या निळ्या-करड्या चौकटीदार पोशाखाचे फोटो टाकले आणि "आपल्याकडेही असंच हवं" असं लिहिलं. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे. युद्धनौका म्हणजे पोलादाच्या पेटीत कोंबलेला प्लँट. डिझेल, हायड्रॉलिक तेल, रंगाचे थरावर थर, विजेच्या केबली, दारूगोळा, आणि या सगळ्यांत झोपायच्या बंका. प्लँटला आग लागली तर माणूस गेटाकडे धावू शकतो. जहाजाला गेट नाही. आगीत सापडणारा आणि ती विझवणारा, दोन्ही तोच. तेव्हा रोजच्या कामाच्या कपड्याची पहिली परीक्षा ज्वाळेची असायला हवी.

त्या फोटोतल्या पोशाखाचं काय झालं ते बघा. 2008 च्या अखेरीपासून तो अमेरिकी ताफ्यात यायला लागला. कापड निम्मं नायलॉन, निम्मं सुती. 2012 साली नेटिकच्या त्यांच्याच नौदल वस्त्र-संशोधन केंद्रात ते जाळून पाहिलं, तर विझायचं नावच नाही. सगळं संपेपर्यंत जळत राहिलं आणि नायलॉन वितळून गळायला लागलं. मग जहाजांवर न पेटणारे कव्हरऑल, म्हणजे बॉयलर सूट, वेगळे वाटावे लागले. 1 ऑक्टोबर 2019 ला तो पोशाख बंद झाला आणि त्याच्या जागी हिरव्या छापाचा आला, पण त्याचंही कापड नायलॉन-सुतीच. छाप बदलला, आगीचं ओझं मात्र कव्हरऑलवरच राहिलं. एका माणसामागे दोन प्रकारचे जोड, दोन मापं, दोन भांडारं.

ब्रिटिशांना हा धडा आधीच मिळाला होता. 4 मे 1982 ला फॉकलंडच्या लढाईत त्यांच्या शेफील्ड जहाजावर एक्झोसे क्षेपणास्त्र आदळलं, आग भडकली, 20 जण गेले. त्या लढाईत मानवनिर्मित धाग्याचे कपडे वितळून कातडीला चिकटल्याची गोष्ट पुढे कामाच्या कपड्याच्या प्रत्येक चर्चेत येत राहिली. 2015 पासून त्यांनी जो नवा पोशाख आणला तो गडद निळा, एकरंगी, न पेटणाऱ्या कापडाचा.

माझी मागणी अशी: कापड न पेटणारं, शर्ट-पँट वेगळे, बाह्या पूर्ण, रंग एकच. छाप नको.

---

मकरपुरा कटिंग

ताई, कापडाबद्दल तुमचा अभ्यास मोठा आहे, पण मांडणी एकतर्फी आहे.

नौसैनिक वर्षातले बहुतेक दिवस आग विझवत नसतो. तो गंज खरवडतो, रंग लावतो, दोर ओढतो, दिवसातून पन्नास वेळा उभ्या शिड्या चढतो-उतरतो. कपडा फाटतो तो गुडघ्यावर, कोपरावर, खिशाच्या तोंडाशी आणि दोन पायांमधल्या शिवणीत. तिथे नायलॉनला तोड नाही. नायलॉन-सुती रिपस्टॉप (फाटा रोखणाऱ्या विणीचं कापड) सव्वादोनशे जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आत बसतं आणि दर पाच-सहा मिलिमीटरवर जाड धागा असल्याने फाटा पुढे सरकत नाही. न पेटण्यासाठी रासायनिक प्रक्रिया केलेलं सुती कापड घ्याल तर 250 ते 300 जीएसएम, आणि प्रक्रियेत त्याची फाटण्याविरुद्धची ताकद कमी होते. मेटा-अरामिड (मुळातच न पेटणारा कृत्रिम धागा) हलकं आहे, दीडशे जीएसएमपासून मिळतं, पण त्याचा दर सुती कापडाच्या कितीतरी पट. हजारो जोडांच्या ऑर्डरमध्ये हा फरक लहान नाही.

दुसरं, आग लागली की अग्निशमन पार्टी जाड सूट, हेल्मेट आणि श्वासयंत्र घालूनच आत जाते. बाकीच्यांना फ्लॅशपासून, म्हणजे स्फोटाच्या क्षणभराच्या ज्वाळेपासून, वाचवायला पांढरा अँटी-फ्लॅश हूड आणि कोपरापर्यंतचे हातमोजे आहेत. संरक्षणाचे थर ठरलेले आहेत. सगळा भार रोजच्या शर्टावर कशाला?

आणि छापाबद्दल. निळ्या-करड्या छापाचं एक कारण उघडपणे सांगितलं गेलं होतं: जहाजाचा करडा रंग आणि ग्रीसचे डाग त्यात लपतात. रंगकाम करणाऱ्या माणसाचा जोड आठवड्यात भंगारात जाऊ नये ही गोष्ट छोटी नाही.

---

बॉयलर फ्लॅट

मकरपुरावाल्या दादांनी वजनाचा मुद्दा काढला तो खरा आहे, पण अर्धाच सांगितला.

इंजिनरूममध्ये पारा सहज 45 च्या वर असतो आणि हवा दमट. तिथे जीएसएमइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे कापड घाम ओढतं का आणि त्यातून हवा जाते का. नायलॉनचा भाग घाम धरत नाही, कापड पाठीला चिकटतं. सुती कापड जड झालं तरी घाम ओढून घेतं. शिवाय खारं पाणी अंगावर उडून वाळलं की मिठाचे कण विणीत बसतात, ते हवेतली ओल धरतात आणि कपडा पुरता वाळतच नाही. मांड्या, काख, कॉलर इथे कातडी सोलवटते. यावर कापडापेक्षा मापाचा उपाय जास्त चालतो: काखेत चौकोनी कळी, पाठीत दोन्ही बाजूंना चुणी, मांडीला सैलपणा.

सैलपणाचं आणखी एक काम आहे. कापड आणि कातडी यांच्यामध्ये जी हवेची पोकळी राहते, तीच फ्लॅशच्या त्या दोन-तीन सेकंदांत वाचवते. उत्तम अरामिड घ्या आणि हल्लीच्या फॅशनप्रमाणे अंगाला घट्ट शिवा, तर खांद्यावर आणि मांडीवर कापड टेकतं तिथेच भाजतं. टेंडरमध्ये कापडाची पानंच्या पानं असतात, मापाला मात्र एक तक्ता. हे उलटं व्हायला हवं.

बॉयलर सूट की दोन तुकडे, यात मी ताईंच्या बाजूने. एकसंध सूटला कमरेत फट नाही, वाकल्यावर पाठ उघडी पडत नाही, हे त्याचे गुण. पण शौचाला जायचं तर अख्खा सूट खांद्यावरून उतरवायचा, तोही हलत्या जहाजावर, जिथे खाली ओली फरशी आहे. मार्च 2023 मध्ये ओडिशातल्या चिल्का इथल्या नौदल प्रशिक्षण केंद्रातून अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात मुलीही होत्या. त्यांच्यासाठी हा प्रश्न दिवसातून चार-पाच वेळा येतो. दोन तुकडे द्या, पण शर्टाची मागची घेर पुढच्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर लांब ठेवा आणि शर्ट पँटच्या आत खोचायचा नियम करा.

---

ताणाबाणा

दादा, "थर ठरलेले आहेत" हे खरं. पण थर चढवायला वेळ लागतो आणि पहिल्या मिनिटात माणसाच्या अंगावर जे असेल तेच असतं. अँटी-फ्लॅश हूड तोंड झाकतो, हातमोजे हात झाकतात. छाती, पोट, पाठ आणि मांड्या रोजच्या कपड्याच्याच भरवशावर असतात.

नायलॉन-सुती किंवा पॉलिस्टर-सुती मिश्रण जळताना काय करतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी जरा बारकाईने लिहिते. चाचणीची पेटी असते, वारा लागू नये म्हणून बंद. आत 30 सेंटिमीटर लांब आणि साडेसात रुंद पट्टी चौकटीत उभी टांगतात. खालून बर्नरची चार सेंटिमीटरला थोडी कमी अशी ज्वाळा, बरोबर 12 सेकंद. मग ज्वाळा काढून घेतात आणि घड्याळ लावतात.

मिश्र कापडाची खालची कड आधी आकसते, काठावर चकचकीत मणी धरतात. तो वितळलेला धागा. शुद्ध पॉलिस्टर असतं तर ते आकसून ज्वाळेपासून दूर पळालं असतं किंवा गळून पडलं असतं. इथे सुताचा कोळसा उभा राहतो आणि वितळलेला रस त्या कोळशाच्या जाळीत धरून ठेवतो, दिव्याच्या वातीने तेल धरावं तसा. बर्नर काढला तरी ज्वाळा वर चढत जाते. म्हणून हे मिश्रण कित्येकदा दोन्ही सुट्या धाग्यांपेक्षा वाईट वागतं.

प्रक्रिया केलेल्या सुती पट्टीवर काळा, जिभेच्या आकाराचा डाग पडतो, थोडा धूर येतो, आणि बर्नर हटला की ज्वाळा तिथेच संपते. मग पट्टीच्या खालच्या कोपऱ्यात ठरलेलं वजन अडकवून ती उचलतात. जळून दुबळा झालेला भाग फाटत जातो, जिथे फाटणं थांबतं तिथपर्यंत जळकी लांबी. औद्योगिक कपड्यांच्या अमेरिकी मानकात ही लांबी सुमारे 10 सेंटिमीटरच्या आत आणि ज्वाळा हटवल्यावरचं जळणं 2 सेकंदांच्या आत लागतं. नव्या कापडावरही आणि 100 धुण्यांनंतरही.

यामागचा हिशोब सोपा आहे. हवेत ऑक्सिजन 21 टक्के. सुताला पेटत राहायला 18 च्या आसपास पुरतो, नायलॉन-पॉलिस्टरला 20-21. प्रक्रिया केलेलं सूत आणि मेटा-अरामिड 28 च्या घरात मागतात. तेवढा साध्या हवेत नसतोच, म्हणून ते स्वतःहून विझतात. 1890 पासून कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेत रंगाई शिकवणारं आपलं शहर. इथे तरी हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

---

धुणीघाट

एक मोठी गोष्ट दोन्ही बाजूंनी सुटली आहे. डाग.

मकरपुरावाले म्हणतात की छापात ग्रीस लपतं, हा फायदा. मला तो सगळ्यांत मोठा तोटा वाटतो. तेलाचा, डिझेलचा, ग्रीसचा डाग म्हणजे कापडात मुरलेलं इंधन. न पेटणारं कापड असलं तरी त्यावरचं तेल जळणारच, आणि तेवढा वेळ कातडीला चटका बसणारच. डाग दिसला तर माणूस कपडा बदलतो, धुवायला टाकतो. दिसलाच नाही तर तीन दिवस तोच अंगावर. एकरंगी, मध्यम गडद कापडावर तेलाची ओली सावली लगेच कळते, म्हणून एकरंगी हवं. अगदी काळपट निळंही नको, त्यातही डाग लपतो.

आता धुण्याचं. प्रक्रिया केलेल्या सुती कापडाची हानी आगीपेक्षा धुण्यात जास्त होते. क्लोरीनवालं ब्लीच एकदाही नको, ते धाग्यात बसवलेलं रसायन तोडतं आणि वरून काहीच कळत नाही. रंग शाबूत, शिवण शाबूत, कापड मात्र आता साध्या सुतासारखं पेटणार. साबणाची वडी नको. जड पाण्यात साबणाचा चुन्याशी संयोग होऊन चिकट थर बसतो आणि तो थर जळतो. बोअरच्या पाण्याने पांढरट पडलेली बादली ज्यांच्या घरी आहे त्यांना तो थर ओळखीचा आहे. कपडे मऊ करायचं द्रव्यही नको, कारण त्याचा लेप पुन्हा पेटणाराच. कांजी नको.

करायचं काय? बिनसाबणी डिटर्जंट, मऊ किंवा मऊ केलेलं पाणी, कपडे उलटे करून, चेन-बटणं लावून, तापमान 60 अंशांपर्यंत, आणि खळबळणं एक वेळ जास्त. तेलाचा जड डाग आधी वेगळा काढायचा. जहाजावर गोडं पाणी मोजून मिळतं, त्यामुळे खळबळण्यातच काटकसर होते, आणि नेमकी तीच नको. अरामिडचा इथे फायदा असा की त्याचा गुण धाग्याच्या मूळ रेणूत आहे, धुण्याने जात नाही. ब्लीचने ताकद जाते, न पेटण्याचा गुण जात नाही. म्हणून दर पाहताना जोड किती धुणी टिकतो त्याने भागून पाहा.

---

लंगर

छापाच्या विरोधात एक नेहमीचा युक्तिवाद असतो: माणूस समुद्रात पडला तर निळ्या छापात दिसणार नाही. मी छापाच्या बाजूने नाही, पण हा युक्तिवाद कच्चा आहे आणि तो पुढे करून कापडाची बाजू दुबळी करू नये.

पाण्यात पडलेल्या माणसाचं दिसतं काय? डोकं, फार तर खांदे. लाटांमध्ये एक नारळ शोधावा इतकंच. पाण्याखालचा शर्ट निळा की हिरवा याने शोधणाऱ्याला काही मिळत नाही. साधा गडद निळाही तेवढाच अदृश्य असतो. कामाला येतात ती जीवरक्षक जॅकेट, तिच्यावरची परावर्तक पट्टी, दिवा आणि शिट्टी. कपड्यात काही करायचंच असेल तर कॉलरच्या आतल्या बाजूला भडक नारिंगी अस्तर द्या, गरजेला उलटून वर काढता येईल असं.

मात्र छाप सरसकट काढा असंही मी म्हणणार नाही. किनाऱ्यावर उतरणारी तुकडी, तळाची राखण करणारे, जहाज तपासायला छोट्या बोटीतून जाणारे, यांना जमिनीच्या पार्श्वभूमीवर छापाचा उपयोग आहे. चूक तिथे होते जिथे एकच पोशाख डेक, इंजिनरूम, ऑफिस आणि तळाचं गेट, सगळीकडे चालवायचा हट्ट धरतात. आणि एकसारखं दिसण्याचा अभिमान ही खोटी गोष्ट नाही, पण तो पदचिन्हाने आणि नीट मापाने येतो.

नौसैनिकांच्या जुन्या बेलबॉटमबद्दलही, म्हणजे खाली रुंद होणाऱ्या पँटबद्दल, कुणीतरी विचारलं होतं. डेक धुताना गुडघ्यापर्यंत गुंडाळता येते आणि पाण्यात बुटावरून उतरवता येते, अशी कारणं सांगतात. पँटचे पाय गाठ मारून, हवा भरून तरंगायला वापरणं हे मात्र खरोखर शिकवलं जात असे, आणि त्यासाठी घट्ट विणीचं ओलं कापड लागतं. जाळीदार पॅनल लावलेल्या हल्लीच्या पँटी हवा धरणार नाहीत. मांडीला जाळी लावायची मागणी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

---

मकरपुरा कटिंग

धुणीघाट यांचा डागाचा मुद्दा मी मान्य करतो. डाग लपवणं हा फायदा मी परत मांडणार नाही. दराला धुण्यांनी भागायचं हेही पटलं. पण शिवणाऱ्याच्या बाजूने सांगतो, नुसतं कापड न पेटणारं घेऊन कपडा न पेटणारा होत नाही, आणि इथेच सगळ्यांत जास्त फसवणूक होते.

शिवायचा दोरा पॉलिस्टर असेल तर अडीचशे ते दोनशे साठ अंशांच्या आसपास तो वितळतो आणि बाजूची शिवण उघडून आत ज्वाळेला वाट मिळते. दोरा अरामिडचाच हवा. तो महाग, सुईवर कडक, मशीनचा वेग कमी करावा लागतो, म्हणून कारागीर टाळतो. ओळखायची सोपी युक्ती: आतल्या घडीतून इंचभर दोरा काढा आणि काडी लावा. गोळी झाली तर पॉलिस्टर, काळा होऊन कुरकुरला आणि गोळी झाली नाही तर ठीक.

नायलॉनची चेन नको, पितळी हवी, आणि तिच्यावर आतून-बाहेरून कापडाची पट्टी, कारण तापलेली पितळ कातडीला डागते. हुक-लूप पट्टी (वेल्क्रो) साधी नायलॉनची आली की नावाची पट्टी छातीवरच वितळणार. बटणं मेलामाइनची. कमरेचं इलॅस्टिक पूर्ण कापडात बंद. छातीचा खिसा झाकणाचा हवा, नाहीतर वेल्डिंगचे ठिणगे सरळ आत. खांद्याच्या पट्ट्या आणि बाहेर लोंबणारे लूप शिडीच्या कठड्यात अडकतात, म्हणून पदचिन्ह छातीवर मध्यभागी. ब्रिटिशांनी तेच केलं आहे. दारूगोळ्याजवळ काम असेल तर दोन टक्के कार्बनचा धागा विणीत मागा. समुद्रावर हवा दमट असली तरी वातानुकूलित खोल्या कोरड्या असतात, तिथे स्थिर वीज साठते.

कापड किती? 58 इंच पन्ह्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट सुमारे पावणेदोन मीटर, पँट सव्वा ते दीड मीटर. जोडाला तीन-सव्वातीन मीटर धरा, बॉयलर सूटलाही जवळपास तेवढंच. प्रक्रिया केलेलं सुती आकसतं, आकसून घेतलेलं असलं तरी तीन टक्क्यांपर्यंत धरूनच कापा. ते धरलं नाही तर दहा धुण्यांनी बाही मनगटाच्या वर जाते, आणि हातमोजा व बाही यांच्यामध्ये कातडीची पट्टी उघडी पडते.

माझा एक विरोध अजून कायम आहे. गुडघा आणि कोपरावर दुहेरी थर दिल्याशिवाय तुमचं सुती कापड डेकच्या कामात टिकणार नाही. आणि दुहेरी थर दिला की गरमीची तक्रार पुन्हा पहिल्या पानावर.

---

बॉयलर फ्लॅट

गुडघ्याला दुहेरी थर द्या, पण तो खालून उघडा ठेवा, दोन्ही बाजूंनी शिवून बंद करू नका. घाम आणि पाणी निघून जातं, रबरी गादीही आत सरकवता येते. कोपराला दुहेरी नको, तिथे एकच थर पण कापड आडवं वापरा.

बाहीच्या लांबीबद्दल बोललात ते फार महत्त्वाचं. माझी भर एवढीच: कफाला दोन बटणं द्या, एक मनगटाला बसणारं आणि एक हातमोज्यावर बसणारं. गरमीत लोक बाह्या दुमडणारच, हे धरूनच रचना करा. दुमडलेली बाही धरणारा जो आतला पट्टा असतो तो ओढला की सुटेल असा हवा, बटणाचा नको. हात ओले असतील, अंधार असेल, आणि दोन्ही बाह्या खाली आणायला तीन-चार सेकंदच हातात असतील.